बंड्याला घरात झोपायला शिकवलं

३ नोव्हें.
माहेरचा, आप्पांचा बंड्या आणला, वडगाव रासाईहून. आप्पा आता दादाकडं पुण्यात, फ्लॅटमध्ये कुत्रं चालत न्हाई. नऊ वर्षांचा, जन्मभर अंगणात झोपलेला. इथं उसात बिबट्या, मागल्या आठवड्यात शेजारचं कुत्रं नेलं. आमच्या ह्यांनी आप्पांचा हात धरून सांगितलं, "मामा, निर्धास्त ऱ्हावा. दिवे लागले की घरात घेतो त्याला."

९ नोव्हें.
उंबऱ्यावर पाय रोवून उभा. सासूबाई : "म्हाताऱ्या कुत्र्याला कुठं शाळंत घालतीस?" घालणार. रोज सहाला, भाकरीचा तुकडा. त्याच्यापायी मीच रानातनं वेळेत घरी यायला लागले.

१६ नोव्हें.
आपल्या पायानं आत आला. गोणपाटावर "बस" म्हणलं की बसतो, मी "चल" म्हणेपर्यंत हलत न्हाई. डोळ्यात पाणी आलं. येडीच मी.

२३ नोव्हें.
पुण्याला एक मुक्काम. आप्पांना ठोकून सांगितलं, राजासारखा झोपतो घरात. सकाळी परत येते तर बंड्या शेळ्यांच्या गोठ्याबाहेर, गोणपाटावर, दवानं भिजलेला. ना साखळी, ना दोरी. मला बघून शेपूट हलवलं, उठला न्हाई. "चल" म्हणल्यावर उठला.
हे म्हणाले, विसरलो.

२४ नोव्हें.
विसरले न्हाईत. सासूबाई बोलून गेल्या, "बिबट्या आधी कुत्रं धरतो, शेळ्या वाचत्यात." गोणपाट ह्यांनीच नेलं, "बस" म्हणाले. बांधायचे पण कष्ट न्हाईत, ते मी आधीच करून ठेवले होते.
विचारलं तर, "म्हातारं हाय, आज न्हाई उद्या जायचंच. गाभण शेळी गेली असती तर?" जेवले, हात धुतले, कामाला गेले.

२८ नोव्हें.
"बस"ची सवय मोडायला लागले. म्हणते "बस", आन् लांबनं भाकरी दाखवते. भाकरीकडं बघतो, माझ्याकडं बघतो, बसूनच. किती मन लावून शिकला रे.
ह्यांनी गोठ्याला जाळी आणलीय. अजून गुंडाळलेलीच, भिंतीला टेकून.

१ डिसें.
आप्पांचा फोन. "बंड्या कसाय? जावई बघत्यात ना?" म्हणलं, व्हय, बघत्यात. हे शेजारीच बसलेले, मान खाली. आप्पांना कुठल्या तोंडानं सांगू?
परवा चुलतबहिणीची हळद, मुक्कामाला बोलावलंय. हे म्हणाले, "जा की निवांत. मी हाय ना घरी."
म्हणून तर पाय निघंना.