पुढच्या खोलीतील प्रॅक्टिस

१ जून, सकाळी ६
निवृत्तीला महिना झाला. हातावर हात धरून बसणे माझ्या स्वभावात नाही. आजपासून स्वतःची नर्सिंग प्रॅक्टिस. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे ड्रेसिंग, इंजेक्शन, टाके काढणे. जागा: आमची पुढची खोली. ह्यांचा बुद्धिबळाचा अड्डा स्वयंपाकघरात हलवला. हे म्हणाले, ३१ जुलैपर्यंत नेहमीचे दहा पेशंट दाखव, नाहीतर खोली परत. मी चाळीस खाटांचा वॉर्ड एकटीने हाकला आहे. दहा म्हणजे किस झाड की पत्ती.

३ जून
पाटी लागली. ‘प्रशिक्षित परिचारिका. अनुभव चौतीस वर्षे. चपला बाहेर. वेळ पाळावी. रडू नये.’ ह्यांचं म्हणणं, ही पाटी आहे की ताकीद. शेवटची ओळ तरी काढ म्हणाले. तीच तर कामाची आहे.

४ जून
कोणी नाही. तपासणीच्या खाटेवरची चादर तीनदा ताणून घातली.

७ जून
पहिला पेशंट. मागच्या गल्लीतले म्हातारे टेलर, साखरेच्या आजारातली पायाची जुनी जखम. सून घेऊन आली होती. जखमेआधी नखांची अवस्था पाहून मी टेलरना चार शब्द सुनावले. म्हणाले, सिस्टर, आयुष्यभर लोकांची मापं घेतली, आज कुणीतरी माझं घेतलं. सून नर्सिंग शिकलेली निघाली, मुलं झाल्यावर काम सोडलेलं. मग मी हात मागे बांधून उभी राहिले आणि ड्रेसिंग तिच्याकडूनच करून घेतलं. चारदा उलगडायला लावलं. पाचव्यांदा बरं जमलं.

११ जून
टेलर आले नाहीत. सून घरीच करते म्हणे. याला म्हणतात शिकवणं. पेशंट: शून्य. पण भक्कम शून्य.

१६ जून
बँकेतला एक कारकून आला. रोजचं इन्शुलिन मी टोचावं अशी त्याची इच्छा. मी टोचलं असतं तर तो जन्मभर परावलंबी राहिला असता. वीस मिनिटांत स्वतःचं स्वतः टोचायला शिकवलं. मध्येच डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा पाटी दाखवली. आता त्याला कुणाची गरज नाही.

२४ जून
एक बाई नऊच्या वेळेला नऊ दहाला आल्या. परत पाठवल्या. आज दहा मिनिटं सोडली तर उद्या तास सोडावा लागतो. उद्या वेळेवर येतील.

२५ जून
नाही आल्या. तब्येत सुधारली असावी.

२ जुलै
आतापर्यंत सात जण आले, दुसऱ्यांदा एकही नाही. इतका गुण मोठमोठ्या रुग्णालयांतही येत नाही. स्वयंपाकघरातून कुणीतरी हसलं.

९ जुलै
लेकीचा फोन. म्हणे, आई, जरा गोड बोलत जा, हसत जा. संकल्प: हसणे. शेजारच्या काकूंचं बी.पी. मोजताना हसून पाहिलं. बी.पी. चढलं. यंत्र तपासून घ्यायला हवं.

१८ जुलै
टेलरची सून रस्त्यात भेटली. खांद्याला बॅग, अंगावर इस्त्रीचा ॲप्रन. घरोघरी जाऊन नर्सिंग सुरू केलंय. टेलरची जखम भरली, ते पाहून गल्लीतले बोलवायला लागले. कारकूनही तिच्याकडूनच टोचून घेतो. नेहमीचे पेशंट: एकवीस. म्हणाली, सगळी तुमचीच कृपा, लोक म्हणतात हात अगदी सिस्टरचा, तोंड तेवढं नाही. हाताचं कौतुक झालं हे महत्त्वाचं.

२६ जुलै
पाटीवरचं ‘रडू नये’ पुसलं. पावसापाण्याने आपोआप गेलं असं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बरोबर तेवढंच गेलं.

३१ जुलै, संध्याकाळ
नेहमीचे पेशंट: एक. म्हणजे हे. रोज बी.पी. बघते. दहात धरा म्हटलं तर म्हणाले, मी पेशंट नाही, कैदी आहे. मग बुद्धिबळाचा पट मी स्वतःच उचलून पुढच्या खोलीत मांडला. तपासणीची खाट मात्र हलवली नाही. ह्यांचे तिघे मित्र एका ओळीत तिच्यावर बसले. चादर चुरगळली. मी चहा टाकायला गेले.

१ ऑगस्ट
टेलरची सून घरी आली. तिला काम आवरेनासं झालंय. सकाळच्या ड्रेसिंगला माझं मार्गदर्शन हवं आहे. निदान मी तरी तसंच समजते. तिचा शब्द ‘मदतनीस’ होता. पंधरा दिवस ट्रायल. अट एकच, पेशंटशी ती बोलणार, मी फक्त हात चालवायचा. विचार करून सांगते म्हटलं. ती जिना उतरायच्या आत हो सांगितलं. सकाळी सातला हजर व्हायचंय. कारकुनाच्या वेळेला मला बाहेर थांबायला सांगितलंय.