मागच्या दाराची भिंत

बर्डी, नागपूर
१२ फेब्रुवारी २०२५, पौर्णिमा

चि. सुशीलला जयभीम.

इकडे सगळे ठीक. तुम्ही पुण्यात बरे असाल. तुझ्या लेकीचा, दीक्षाचा अभ्यास कसा चालला आहे? आईचा गुडघा थंडीने धरला होता, आता बरा आहे.

विहारातून वंदना करून आताच आलो. मन निवल्यावर लिहायचं ठरवलं होतं, ते काही निवलं नाही. रविवारी फोन मीच आपटला. परत करू नकोस. फोनवर तू 'दादा, समजून घे' म्हणतोस आणि माझं बोलणं तिथंच खुंटतं.

आपल्या घरावरचा तुझा अहवाल वाचला. इंग्रजांच्या काळातलं घर, सागवानी गॅलरी, रंगीत काचा शाबूत, वारसा यादीत घेण्याजोगं. चांगलं लिहिलंस. घर मलाही पाडायचं नाही. बिल्डर दोनदा आला, त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. गॅलरीच्या लाकडाला दर दसऱ्याला तेल मीच पाजतो. तुला ते फोटोत चकाकताना दिसतं, एवढंच.

पण आईच्या खोलीबद्दल तू लिहिलंस की, नंतरची विद्रूप सिमेंटची भिंत काढून नोकरांचं मूळ दार खुलं करावं. आणि मला न विचारता सोमवारी माणसंही ठरवलीस. मी अडवलं तर म्हणालास, "गावच्या शाळेत हे शिकवत नाहीत, दादा." करिष्मा हसलेली मला फोनवर ऐकू आली. तुझ्या हाताखालच्या मुलीसमोर माझी शाळा काढलीस, तेही असो.

ती करिष्मा मागच्या आठवड्यात मोजमाप घ्यायला आली होती. भिंतीवर ठोकून बघत होती. आई खाटेवरून म्हणाली, "काय करून राहिली वं पोरी?"

पोरगी गोड आहे. म्हणाली, "आजी, इथं दार होतं, ते आम्ही परत उघडणार. आणि हा कोनाडा किती सुंदर आहे, बघा. दिव्यासाठी केला असेल ना?"

आई कोनाड्याकडे वळली. मग म्हणाली, "हो वं. दिवाच ठेवत होते."

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी पाहतो तर तिने खाट ओढत नेऊन त्या भिंतीला लावली होती. दुखऱ्या गुडघ्यावर, एकटीने.

तुझ्या अहवालात कोनाड्याचा मोठा फोटो आहे. खाली लिहिलंस, मूळ चुन्याचं काम, जपण्याजोगं. लहानपणी तू त्यात गोट्या ठेवल्या होत्या आणि आईने तुला थोबाडीत मारली होती, आठवतं? तुझ्यावर तिने हात उचललेला मी तेवढाच पाहिला. तो कोनाडा ती अजून रिकामा ठेवते. औषधाची बाटलीही ठेवू देत नाही.

तुला वाटतं, बाबांनी ते दार चोरांच्या भीतीने बुजवलं. बाबा तसंच सांगायचे. तुझा जन्म व्हायचा होता. मी आठ वर्षांचा, सुट्टीत गावाहून आलो होतो. जुन्या मालकाच्या, त्या वकिलाच्या पोरांनी घर विकलं आणि बाबांनी गावचं शेत देऊन ते घेतलं. सामान अजून रिक्षात होतं, आणि बाबा आधी विटा घेऊन मागे गेले. गिरणीतला माणूस, थापी धरता येत नव्हती. भिंत वाकडी झाली, सिमेंट जागोजागी ओघळलं. तोवर आई बाहेर रस्त्यावर उभी होती, मला कडेला धरून. बाबांनी पुढे येऊन "झालं" म्हटलं, तेव्हा ती समोरच्या दाराने आत आली.

लग्नाआधी आई याच घरचं अंगण झाडायची, लाकडं वाहायची. धम्मदीक्षा घेऊन झाली होती, तरी तिची वाट ते मागचं दारच. दार बुटकं, वाकूनच यावं लागे. काम झालं की वकिलीणबाई कोनाड्यात शिळी भाकर ठेवून दूर सरायची. मग हिने ती उचलायची. हाताला हात लागू नये म्हणून तो कोनाडा.

तुला हे कधी कळू नये, असं आईने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. "त्याले नको सांगू. त्याची मान ताठ हाये, ताठच राहू दे." आज मी तिचा शब्द मोडला. तुझ्यामुळे मोडला, हे मी विसरणार नाही.

अहवाल बदल. लिही की ही भिंत आनंदरावांनी १९८४ साली स्वतःच्या हाताने बांधली, वाकडी आहे, आणि ती तशीच जपायची. तुझ्या समितीला हा वारसा वाटत नसेल, तर घर यादीत घालूच नकोस. मला तुमची पाटी नको.

नाही बदललास तर सोमवारी माणसं पाठवू नकोस, तूच ये. समोरच्या दाराने ये. आई त्या भिंतीला पाठ लावून बसलेली असेल. तिला सांग, "आई, ऊठ, मला मागचं दार उघडायचं आहे."

तिला तेवढं म्हणू शकलास, तर हातोडी मी आणून देईन.

सोमवारपर्यंत तुझा,
दादा