भिंतीकडे तोंड केलेला बॉल

बाबा, तुमच्या त्या बेसबॉलवाल्यावरची बंदी उठली. तो मेल्यावर उठली. जिवंत होता तोवर दारात उभा केला नाही आणि आता हॉल ऑफ फेमसाठी, त्या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, त्याचा विचार होऊ शकतो म्हणे. मेलेल्याला माफ करणं सोपं असतं, तो उठून भाषण करत नाही. मला या दयेचा संशय येतो. हल्ली मला सगळ्यांचाच येतो, तुम्ही गेल्यावर तुमचाही.

तुम्ही इथे अमेरिकेत एकटे नोकरी करत होता, आई आणि मी नागपुरात. पहिल्या सुट्टीला आलात तेव्हा बॅगेतून माझ्यासाठी पांढरा बॉल निघाला, त्यावर निळ्या शाईत सही. "खास तुझ्यासाठी घेतली. तुझं नावसुद्धा विचारलं त्याने." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरीला बॉल! निदान एक फ्रॉक तरी आणायचा." मी तो कॉन्व्हेंटमध्ये नेला. सिस्टरनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "बाबांना सांग, अक्षर फार सुंदर आहे." मी निरोप पोचवला. तुम्ही लाल झालात. मला वाटलं, आनंदाने.

मग आपण सगळे इथे, ईडन प्रेरी या गावात राहायला आलो. येणाऱ्या प्रत्येक काका-काकूंना बॉल दाखवला जाई. आणि एके दिवशी बातमी आली, की तो स्वतःच्याच खेळावर पैसे लावत होता. तुम्ही कपाटातला बॉल फिरवलात, सही भिंतीकडे. एका काकांनी चिडवलं, "काय हो, तुमच्या हिरोने तोंड काळं केलं की!" तुम्ही म्हणालात, "त्या माणसाला मी कुठे ओळखत होतो?" तुमच्या करारीपणाचा मला केवढा अभिमान वाटला होता.

गेल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "आई, तो बॉल एकदा चेक करून घेऊ या ना, सही खरी आहे का. एक्स्पर्ट्स असतात त्याचे." म्हणून मी तो उतरवला, पुसला, खिडकीशी नेला. सहीखाली रेघ आहे. रेघेखाली दोन ठिपके. बाबा, इतकी वर्षं इथे काढली, बँकेत, दवाखान्यात हजार सह्या पाहिल्या, पण सहीखाली रेघ ओढून दोन ठिपके देणारा अमेरिकन मला भेटला नाही. तुमच्या प्रत्येक पत्राखाली मात्र ते आहेत. एक पत्र काढून बॉलशेजारी ठेवलं आणि लगेच घडी घातली.

म्हणजे तुम्ही बॉल फिरवलात, तो त्याच्या लाजेने की स्वतःच्या? मला दिसतं, तुम्ही स्टेडियमच्या अगदी वरच्या रांगेत बसलेले, मांडीवर डबा, खाली तो मुंगीएवढा. पत्रात मला सही कबूल करून बसला होतात. त्या गर्दीत शिरून मागायची भीड वाटली असेल. तुम्ही हॉटेलात दुसऱ्यांदा पाणीसुद्धा मागत नव्हता.

काल मुलीचा फोन आला. "आई, आर यू शुअर? आजोबा खरंच भेटले होते त्याला?"

"भेटले होते. माझं नावसुद्धा विचारलं त्याने."

"मग राहू दे. चेक नको करायला."

माझ्या त्या वाक्यासाठी सिस्टरनी मला गुडघ्यांवर बसवलं असतं. बॉल मी पुन्हा कपाटात ठेवलाय, सही समोर करून. रेघ आणि ठिपके तेवढे खाली दबलेत. ते मीच दाबलेत, बाबा.