एका वेळी एकच बदल

१२ जानेवारी, रविवार

सोळा जणांत चौदावी! मागे राहिले दोघेच — एकाचं इंटरनेट गेलं होतं आणि दुसरे आमचे मॅनेजर.

ऑफिसच्या रेसिंग गेमच्या लीगचे आता तीन रविवार उरले. गुडगाव ऑफिसच्या राघवने चॅटवर लिहिलं, "मयुरा, इंडिकेटर देके मुडा कर यार!" मेल्याला एकदा तरी मागे टाकणार. नाहीतर हे स्टिअरिंग विकून मिक्सर घेईन.

गाडीला काय धाड भरलीय कळत नाही. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी नाक सरळ भिंतीकडेच.

बाबा — माझ्या नवऱ्याचे, नीरजचे — टेबलाशी बसून सगळं बघत होते. स्टिअरिंग आमच्या जेवायच्या टेबलालाच आवळलेलं आहे, त्यामुळे रविवारी जेवणं सोफ्यावर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दिल्लीतलं द्वारकेचं घर बंद करून ते इथे नोएडाला आलेत. तीन आठवडे झाले. माझ्याशी एक शब्द नाही! बोलायचं ते नीरजशी. आज मी हातभर अंतरावर, आणि म्हणतात कसे — "नीरज, तिला सांग, पुढची स्प्रिंग फार कडक आहे."

तिला!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बाबांना तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं. मान हलवली, वडी तोंडात टाकली, पेपर उघडला. गोड राहू दे हो, नुसतं बोला तरी!

राग असणारच म्हणा. दीड वर्षापूर्वी पुण्यात कोर्टात लग्न केलं आणि यांना संध्याकाळी फोटो पाठवला. चूक आमची. पण शिक्षा एकटीला का? नीरजशी तर गप्पा चालतात. तोही बोलतो असा, की समोरच्या टॉवरमधल्यांनाही आमच्या भाजीचा बेत कळावा.

१५ जानेवारी, बुधवार

पुढची स्प्रिंग दोन घरं मऊ केली. गाडी वळते! सुनेसारखी नाही, अगदी लेकीसारखी वळते.

बाबा तीस वर्षं मानेसरला शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या कारखान्यात होते, टेस्टिंगला. हे मला माहीत होतं, पण गेममधल्या गाडीचंही त्यांना कळेल असं डोक्यात आलं नव्हतं. सगळं नीरजमार्फत — "तिला सांग, एका वेळी एकच बदल. दोन केले तर कुठल्याने फरक पडला ते कसं कळणार?" नीरज मधे बसून दुभाष्यासारखा वैतागलेला.

मी चालवते तेव्हा स्टिअरिंगबरोबर टेबलही थरथरतं आणि बाबा त्यावर तळहात पालथा ठेवून बसतात. हलतच नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

सोळावी. शेवटून पहिली!!

कारण — रेसच्या आधी बाबांनी नीरजकरवी गाडीची उंची वाढवायला लावली. चांगली चार बोटं. गाडी वळणावर उंटासारखी झुलत होती. मी म्हटलं, "बाबा, हा ट्रॅक आहे, इथे खड्डे नसतात." लक्षच नाही. नीरजने तेच ओरडून सांगितलं, तर म्हणाले, "रस्ता आहे म्हणजे खड्डा असणारच."

तीस वर्षं आपल्या रस्त्यांसाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासलेल्या माणसाला काय सांगणार? हसू येत होतं आणि रडूही.

राघवने उंटाचा स्टिकर पाठवला.

२२ जानेवारी, बुधवार

नीरज कामासाठी बंगळुरूला, दोन फेब्रुवारीच्या रात्रीपर्यंत. आता आमच्या घरात दूतावास बंद!

सकाळी चहा ठेवला, दोनदा विचारलं, "साखर कमी घालू का?" उत्तर नाही. रागाने तीन चमचे घातले. प्यायले मुकाट्याने.

ऑफिसच्या कॉलवर सगळ्यांचं आपलं नेहमीचं — "मयुरा, आवाज नहीं आ रहा, थोडा ज़ोर से." घरात आणि दारात सारखंच. माझं कुणी ऐकतच नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

गंमत! लॅपटॉपवर चिठ्ठी चिकटवलेली. कारखान्यातल्या रिपोर्टसारखी, रेघा मारून —

"चालक : मयुरा. तक्रार : गाडी झुलते. बदल : उंची दोन बोटं कमी. स्प्रिंगला हात लावू नये. फेऱ्या पाच घेऊन कळवणे."

माझं नाव! त्यांच्या अक्षरात. पाच फेऱ्या घेतल्या, जाऊन सांगितलं, "बाबा, बरी आहे, पण ब्रेकला नाक खाली जातं." माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग दुसरी चिठ्ठी — "कळवणे." चिडून त्याच चिठ्ठीखाली लिहून दिलं. लगेच उत्तर आलं! शाळेतल्या कट्टीसारखं झालंय.

२५ जानेवारी, शनिवार

दोन दिवसांत सत्तावीस चिठ्ठ्या. फ्रिजच्या दारावर जागा उरली नाही.

मी लिहिलं, "पूर्ण खाली का नको? सगळे गाडी जमिनीला चिकटवतात."

त्यांनी लिहिलं, "राघवची गाडी बघ. वळणाच्या कडेच्या लाल-पांढऱ्या पट्टीवर चढली की उडते. म्हणून तो पट्टी टाळतो, लांबून जातो. तू पट्टीवरून सरळ जा. तुझी उडणार नाही."

म्हणजे खड्डा होताच की! फक्त रंग दिलेला.

मग धीर करून लिहिलं, "बाबा, कोर्टातल्या लग्नाचा राग अजून आहे का?"

ती चिठ्ठी बराच वेळ त्यांच्या हातात होती. मग खिशात गेली. कशाला विचारलं मी!

२६ जानेवारी, रविवार

नववी! राघव सहावा. बाबांनी माझ्या ताटात त्यांची जिलबी सरकवली. शब्द नाही, पण जिलबी.

२ फेब्रुवारी, रविवार

शेवटची रेस. नीट लिहिते, सगळं लिहिते.

दुपारी कुकर लावून बसले, तीन शिट्ट्या होईपर्यंत सराव होईल या हिशेबाने. पण रेस दहा मिनिटं आधीच सुरू केली लीगवाल्यांनी! तिसऱ्या फेरीत मी सहावी, राघव पाचवा. कुकरची चौथी शिट्टी झाली. "बाबा, गॅस बंद करा!" बाबा टेबलाशी, तळहात पालथा, डोळे मिटलेले. पाचवी. सहावी. "बाबा, प्लीज!" स्वयंपाकघर त्यांच्या पाठीशी चार पावलांवर. हलले नाहीत. इतका राग? डोळ्यांत पाणी आलं, पण स्टिअरिंग सोडलं नाही.

शेवटचं वळण. राघव पट्टी टाळून लांबून गेला. मी सरळ पट्टीवरून. गाडी जराशी दबली आणि पुढे! चौथी! पुढचा एक आधीच भिंतीवर आदळला होता, म्हणून चौथी. राघव मागे!!

बाबांनी डोळे उघडले आणि टेबलावर थाप मारली. पडद्याकडे न बघताच कळलं होतं त्यांना. मग नाक वर करून, थेट माझ्याकडे बघून म्हणाले — "काहीतरी जळतंय."

माझ्याशी! मलाच! दीड वर्षातले पहिले दोन शब्द! डाळीचा कोळसा झालेला आणि मी कुकरसमोर उभी राहून वेड्यासारखी हसतेय. तेही हसले. का ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही.

राघवने लिहिलं, "सेटअप किसका है?" मी लिहिलं, "ससुरजी का."

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कुकर घासताना हात थांबला. आठ शिट्ट्या, चार पावलांवर.

चिठ्ठी लिहिली — "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खिशातून माझी शनिवारची चिठ्ठी काढली आणि तिच्याखालीच लिहिलं —

"राग कधीच नव्हता. टेस्टिंगला कानात बोळे घातले नाहीत, नाहीतर आवाजावरून शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दोष कळत नसे. बारीक आवाज आधी गेले. नीरजचा अजून येतो. त्याला सांगू नकोस. तुझा आवाज कसा आहे, मला माहीत नाही."

गुरुवारी अकराची वेळ घेतलीय, कानाच्या डॉक्टरांची. नीरजला सांगितलेलं नाही. एका वेळी एकच बदल.