दोनदा गेलेली चिठ्ठी

४ नोव्हेंबर २००५, वडसा

लोकेश आज पुन्हा सगळ्यांसमोर मला ‘बारावी नापास’ म्हणाला. नापास नाही, परीक्षेलाच बसलो नव्हतो — पण इंजिनीयर माणसाला कोण सांगणार!

भांडण बुकिंगच्या प्रोग्रामवरून. गडचिरोलीच्या ऑफिसातून नाहीदबाई गावांना नाटकाच्या तारखा देतात. नाटक कंपन्यांची यादी इथे, वडशाच्या मशीनमध्ये. लोकेशचं रिमोट ऑब्जेक्ट म्हणजे तिकडच्या मशीनने इथली यादी थेट हातात धरायची. फोनची लाइन पडली की तारीख तशीच धरलेली राहते. सोडवायला कोणी नाही. गावकरी बाकड्यावर बसून.

मी म्हणतो, वेब सर्व्हिस कर. चिठ्ठी पाठव — गाव, तारीख सगळं आत लिहून. उत्तर आलं, झालं. धरून कशाला बसायचं?

९ नोव्हेंबर

मालक जलालुद्दीनभाऊ वैतागले. “लोकेश, तुह्या मशीनपायी चार गावं वापस गेली. रईसले करू दे त्याच्या मनाचं.”

लोकेश नंतर एकट्यात म्हणाला, “चिठ्ठी पोचली अन् उत्तर यायच्या आधी लाइन पडली तर? बाई पुन्हा बटण दाबतील. दर चिठ्ठीले नंबर टाक. तोच नंबर परत आला तं जुनीच आहे, हे ओळखायचं काम माझ्या मशीनचं.”

मास्तर झालाय मोठा.

१७ नोव्हेंबर

चिठ्ठ्या धावायला लागल्या. नंबर तेवढा राहिला. टाकायलाच बसलो होतो, तर बाजूच्या तालमीत नवी नटी आल्याचं कळलं. गेलो. तिथून कंपनीच्या ट्रकवर चढलो, तीन दिवस फिरलो. नटी काही बोलली नाही. भाऊ मात्र बोलले.

२ डिसेंबर

लोकेशने विचारलं, “नंबर?” म्हटलं, टाकला.

२० डिसेंबर

काल पळसटोल्याच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दोन कंपन्या उतरल्या. एकाच गावात! नाहीदबाई फोनवर म्हणतात, “उत्तर नाई आलं, म्हणून दुसऱ्यांदा दाबलं.”

खैरटोल्याला तीच तारीख हवी होती. ‘कंपनी शिल्लक नाही’ म्हणून आम्हीच त्यांना परतवून लावलं होतं. त्यांची मंडई नाटकाशिवाय गेली. तिथला सुकलू आज येऊन बसला. चहाही घेतला नाही. “नाटकाच्या निमित्तानं माह्या पोरीले पाहाले पाव्हने येनार होते, भाऊ. नाटक नाई, तं पाव्हने कायले येतीन?”

भाऊ जेवायला गेले तेव्हा चिठ्ठीत नंबर टाकला. अर्धा तास लागला.

२१ डिसेंबर

लोकेश भाऊंना म्हणाला, “याच्या चिठ्ठीत नंबरच नाई. दाखवतो.” उघडलं. नंबर होता.

“म्हंजे तुह्याच मशीनले ओळखता नाई आला,” भाऊ म्हणाले. “उद्यापासून येऊ नको.”

लोकेशने माझ्याकडे पाहिलं. मी चहा सांगायला बाहेर गेलो.