राणीचं रक्त, माझं नाव

३ नोव्हेंबर
कराडच्या डॉक्टरनं रिपोर्ट वाचला. कोलेस्टेरॉल जास्त, रक्तातल्या पांढऱ्या पेशीबी जास्त. पांढऱ्या पेशी म्हंजे रोगाशी लढणारे जवान. म्हटलं, मग बरंच की! लेक जयराज मिलिटरीत, रक्तातबी पलटण. नात क्रांतीनं कपाळ बडवलं. म्हणाली, आज्जे, चरबी वाढली की हे जवान ती खाऊन फुगत्यात आन् शिरंतच मुक्काम ठोकत्यात. रस्ता बंद. रोज गोळी, तूप बंद. महिन्यानं आकडा उतरला तरच म्हसवडच्या जत्रंत रथाला न्हेणार.
उद्यापास्नं तूप बंद.

४ नोव्हेंबर
तुपाला शिवले न्हाई. चपाती कोरडी गिळवंना म्हणून साय घेतली. साय म्हंजे तूप न्हवं.

१२ नोव्हेंबर
गोळीनं पाय दुखत्यात. गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरल्या. तुळस लय झकास आलीया.

२ डिसेंबर, सकाळ
देवळात रक्त तपासणीचं शिबिर. माझी धाकटी जाऊ राणी माझ्यासंगं. काडीगत बाई, कोरडी भाकरी खाणार. हिचं रक्त नितळच असणार. माझं नाव पुकारलं, तिला पुढं ढकलली. म्हणाली, आवं आक्का, नाव तुमचं हाय की. म्हटलं, थोरली सांगती ते ऐक, पदर घे आन् बस. बसली. तीस वर्सं ऐकतीया. ह्यात पाप ते काय?

४ डिसेंबर
रिपोर्ट आला. माझ्या नावाचा. कोलेस्टेरॉल माझ्याहून दुप्पट, पेशीबी वाढलेल्या. डॉक्टर म्हणाला, पेशंटला लगोलग सांगलीला हृदयाच्या दवाखान्यात न्ह्या. क्रांती रडली. जयराज सुट्टी टाकून निघाला. मला पलंगावरनं उतरू देईनात. राणीनं माझे पाय चेपले. चेपताना तिला धाप लागली.
उद्या सांगती.

५ डिसेंबर
पाव्हणे आले हुते. चारचौघांत कसं सांगायचं? राणीनं वरणाचं पाणी आणलं. प्याले. मान वर झाली न्हाई.

६ डिसेंबर, सकाळ
गाडी दारात. माझी पिशवी राणीनं भरली, पायरीवर आली आन् छाती धरून खाली बसली. म्हणाली, काय न्हाई, दोन महिने असंच हुतंय. तुमीच आजारी, तुमाला काय सांगायचं? तवा मात्र माझ्या तोंडातनं सगळं निघालं. कुणी ओरडलं न्हाई. ओरडायला पायजे हुतं. जयराजनं एवढंच इचारलं, आई, कवापास्नं ठाऊक हुतं? दोन दिस, म्हटलं. त्यानं राणीला उचलून गाडीत बसवली. माझ्याकडं बघितलं न्हाई.

८ डिसेंबर, सांगली
राणीच्या शिरंत अडकलेलं काढलं. डॉक्टर म्हणाला, टायमावर आणली. माझंबी रक्त घेतलं. आकडा नोव्हेंबरपेक्षा वर. म्हसवडचं नाव कुणी काढलं न्हाई, मीबी न्हाई.
दुपारी राणी नर्सबाईला सांगत हुती, आमच्या आक्का लय हुशार. माझी धाप वळखली आन् मुद्दाम माझं रक्त द्यायला लावलं.
मी खाटंजवळच बसले हुते. नर्सबाई माझ्याकडं बघून हसली.
न्हाई म्हणायला पायजे हुतं. पदर सारखा केला.