जबड्यावरची राख

३ मार्च, साइटवर
वानराचा दगड झालेला जबडा मिळाला. सहा दाढा शाबूत. आता वय काढायला त्याच्या वरच्या थरातली ज्वालामुखीची राख हवी. कडा तीस फूट, आणि माझा गुडघा हा असा. खाली ओढ्यात राखेचं एक ढेकूळ पडलंच होतं. वरूनच पडलं असणार. पिशवीत भरलं. वहीत लिहिलं : जबड्यावरचा थर. उद्या चढून खात्री करायची. नक्की.

४ मार्च
ऊन फार.

२० मे
लॅबमधून राखेचा रिझल्ट आला. एक कोटी पंचवीस लाख वर्षं. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली. म्हणजे तेव्हा इथे घनदाट जंगल. पोस्टरच्या चित्रकाराला वेली वाढवायला सांगितल्या. घरी बायकोने विचारलं, गुडघा दुखत असताना कडा कसा चढलात? तेवढ्यात चहा आला.

११ जून
आमच्या प्रोजेक्टवर मातीचं काम बघणारी मुलगी भेटायला आली. कॉन्ट्रॅक्टवर आहे. म्हणाली, जबड्यापासून वर कड्यापर्यंतच्या मातीतले चुन्याचे खडे उघड्या गवताळ रानाचे निघालेत, आणि एवढं गवत त्या काळी नव्हतंच. सर, एकतर माझी माती चुकलीय, नाहीतर तुमची राख. अगदी हळू म्हणाली. मी तिला अनुभवाचं महत्त्व समजावलं.

१३ जून
मीटिंग. हा घोळ कशामुळे, असं प्रमुखांनी विचारलं. मी एवढंच म्हणालो, की नवीन माणसाकडून सॅम्पल घेताना हलगर्जी होते कधीकधी. नाव कुणाचंच घेतलं नाही. सगळे मात्र तिच्याकडे बघायला लागले. ती मान खाली घालून लिहीत राहिली. जेवण गेलं नाही. सोमवारी प्रमुखांना खरं सांगायचं.

१६ जून, सोमवार
प्रमुख जरा घाईत दिसले.

२ जुलै
तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. तिने मागितलं नसताना मी शिफारसपत्र लिहायला बसलो. ‘अत्यंत काटेकोर’ एवढं लिहिलं. पुढे सुचेना.

९ ऑगस्ट, साइटवर
आमचा लेख छापणाऱ्यांनी राखेच्या थराचा फोटो मागितला. गुडघा बांधून कडा चढलो. वीस मिनिटं लागली, फक्त वीस. वर राख नाहीच. नुसती तांबडी माती, आणि त्यात तिने सॅम्पल घेतलेले चौकोनी खड्डे. सगळे एका रेषेत, प्रत्येकाला नंबर. तिथेच बसून राहिलो.

११ ऑगस्ट
प्रमुखांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, लेख मागे घ्या, आणि आधी तिला फोन करा.
दुपारी केला. ती म्हणाली, माहीत होतं सर. लॅबला पाठवताना तुमची पिशवी मीच पॅक केली होती. ढेकळाच्या कडा गोल झाल्या होत्या, पाण्यातून लांबून वाहत आल्यासारख्या.
मग मीटिंगमध्ये बोलली का नाहीस, असं मी विचारलं. वर जरा रागावूनच विचारलं.
म्हणाली, वाटलं, तुम्ही सांगाल.
ती आता एका शाळेत भूगोल शिकवते. मागे घंटा वाजली. तास आहे म्हणाली आणि फोन ठेवला. माफी मागायची राहिली.